पाच दारांचे काका

काही माणसांना सरळ उत्तर देणं जिवावर येतं. आमचे काका त्यांतले. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "काका, पंखा कुठल्या बटणावर आहे?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुला काय वाटतं?" मला काही वाटत असतं तर मी विचारलं असतं का? एप्रिल महिना, साकीनाक्याच्या मागच्या औद्योगिक वसाहतीतला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा, वर पत्रा, खाली पितळी नळ बनवणाऱ्याचं प्रेस मशीन दिवसभर धाडधाड करतंय, आणि मी घामानं निथळत सोळा बटणांच्या बोर्डासमोर उभी. "कुठलं बटण जास्त मळलंय ते बघ," काका म्हणाले. "मळलेलं बटण म्हणजे रोजच्या वापरातलं बटण." मी सगळ्यात मळलेलं बटण दाबलं. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बंद पडले. माणसं ओरडायला लागली. काका शांतपणे म्हणाले, "तर्क बरोबर होता. माहिती अपुरी पडली."

हे वाक्य त्यांचं जन्मभराचं होतं. तर्क कधीच चुकायचा नाही, माहितीच मेली अपुरी पडायची.

वय पंचावन्नच्या आसपास, अर्ध्या बाह्यांचा चौकडीचा शर्ट, खिशात दोन पेन्सिली आणि एक भिंग. आमचं काम कॉम्प्युटरवरच्या खेळांचं; तिथे माउसचं चाक फिरवलं की पाहिजे तेवढं मोठं दिसतं. पण काका स्क्रीनला भिंग लावून बसायचे. आम्ही एकदा त्यांच्यामागे त्या भिंगातून पाहिलं, तर नुसते लाल-हिरवे ठिपके. त्यांना त्यात काय दिसायचं ते त्यांनाच ठाऊक. एवढं भिंग लावूनही जे दिसायला हवं होतं ते या माणसाला दिसलं नाही, आणि त्याची शिक्षा भलत्याच मुलीला झाली. मी सांगतेय ते त्याबद्दल.

आमची कंपनी म्हणजे बारा माणसं आणि तिशीतला एक बॉस. परदेशातल्या कुणीतरी तीसेक वर्षांपूर्वीच्या एका गाजलेल्या खेळाचे हक्क विकत घेतले होते. तो खेळ घासूनपुसून, त्यातली चित्रं मोठी आणि लख्ख करून पुन्हा बाजारात आणायचा, हे काम आमच्याकडे आलं होतं. त्याला रीमास्टर म्हणतात. आईला समजावं म्हणून मी सांगितलं, "जुन्या भांड्यांना कल्हई लावतात ना, तसं." आई म्हणाली, "आणि त्याचा पगार देतात?"

खेळ तरी कसला? एका ओसाड बेटावर तुम्ही एकटे. मारामारी नाही, पळापळ नाही, माणूस नाही की काणूस नाही. एक धक्का, एक दीपगृह, काही बंद घरं आणि खाली भुयारं. नुसतं हिंडायचं, कपाटं उघडायची, भिंती न्याहाळायच्या, आणि इथली माणसं कुठे गेली ते शोधून काढायचं. जागोजागी कोडी आहेत, पण इथे कोडं आहे एवढंसुद्धा कुणी सांगत नाही. रिकामं बेट आणि त्यावर रिकामटेकडा माणूस. मी मुलुंडहून घाटकोपरला येऊन तिथून मेट्रोनं साकीनाक्याला उतरायची, ती दिवसभर या बेटावर भटकायला. लहानपणी उन्हात भटकले की आजी पाठीत धपाटा घालायची. इथे भटकण्यासाठी मला कामावर ठेवलं होतं.

आता काका तिथे कसे आले ते सांगते. त्यांनी हा खेळ तरुणपणी सोडवला होता. बोरिवलीच्या एका कॉम्प्युटर क्लासात ते शिकवायला होते. विद्यार्थी घरी गेले की तिथल्या एकुलत्या एका रंगीत स्क्रीनसमोर बसून त्यांनी हा खेळ खेळला. चौदा महिने लागले. कुणाची मदत घेतली नाही. हे चौदा महिने ते असे सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस सियाचीनला होता. बेटाचे नकाशे त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर काढले होते. ते सगळे ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेले. उजेड पडला की दीपगृहाच्या माथ्यावर मागच्या बाजूची संकष्टी दिसायची. बॉसला कुणीतरी सांगितलं की असा एक माणूस आहे, आणि बॉसनं त्यांना आमच्या टेस्टिंगचा प्रमुख करून टाकलं. टेस्टिंग म्हणजे खेळ पुन्हा पुन्हा खेळून त्यातल्या चुका शोधायच्या. चुका शोधायला कधीही न चुकणारा माणूस नेमला, यातच काय ते आलं.

घरीही हे असंच चालायचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या बायकोचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, कारण काकांचे हात भाकरीत. "अहो, लायटर कुठे ठेवलात?"

"विचार कर. शेवटचा कुणी वापरला?"

"तुम्ही."

"मी चहा केल्यावर कुठे कुठे गेलो असेन?"

मग त्या माउली म्हणाल्या, "मी खालून नवीन घेऊन येते," आणि फोन ठेवला. काका आमच्याकडे वळून म्हणाले, "लोकांत चिकाटीच राहिलेली नाही."

रस्ता विचारणं हा त्यांच्या लेखी पराभव होता. मोबाइलवरचा नकाशा तर त्याहून वाईट, ती कॉपी. आमच्या ऑफिसातल्या एकाचं लग्न घाटकोपरला होतं. सगळ्यांनी मिळून मिक्सर घेतला होता आणि तो दुकानातून उचलून हॉलवर आणायचं काम काकांकडे होतं. आम्ही जेवलो, फोटो काढले, नवरानवरी बसून बसून कंटाळली, काकांचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. काका स्टेशनला उतरले, रस्त्यात नटलेल्या बायका कुठल्या दिशेनं चालल्यात ते पाहिलं, त्यांच्या मागे गेले, हॉलच्या कमानीवर नवरीच्या नावाचं पहिलं अक्षर जुळलं, आत गेले, मिक्सर दिला, फोटो काढला, श्रीखंड-पुरी जेवले आणि घरी गेले. नवरा वेगळा होता हे त्यांना दिसलं नाही का? दिसलं. "मला वाटलं, सेहऱ्यामुळे ओळखू येत नाहीये," काका म्हणाले. आणि मग अर्थातच, तर्क बरोबर होता.

ज्याचं लग्न होतं तो पुढे वर्षभर पाट्यावर चटणी वाटत असल्याचं सगळ्यांना सांगायचा.

इथपर्यंत ठीक होतं. असा माणूस घरात किंवा शेजारात असला तर हसून सोडून देता येतं. पण आमच्या नोकऱ्या त्याच्या हातात होत्या.

टेस्टिंगला एकच कायमची जागा होती आणि तिच्यासाठी दोन मुली घेतल्या होत्या, दोघींना तीन तीन महिन्यांची मुदत. पहिली प्राची, खारदांड्याची. दुसरी मी, तिच्यानंतर महिन्यानं आलेली. काकांनी बॉसकडून एक नियम मंजूर करून घेतला होता. मुदतीत जी मुलगी हा खेळ स्वतःच्या डोक्यानं पूर्ण करेल तीच कायम होईल. "ज्याला खेळ सोडवता येत नाही तो खेळ तपासणार काय?" हे काकांचं म्हणणं. प्रत्येकीला एक रजिस्टर. त्यात रकाने तीन: कोडं, उत्तर, कारण. उत्तर बरोबर असून उपयोग नाही, स्क्रीनवर काय बघून सुचलं ते लिहायचं. आणि आम्ही दोघींनी एकमेकींशी खेळाबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

प्राची तो नियम पाळायची. ती खरं म्हणजे सगळंच पाळायची. वेळेवर यायची, काकांना "हो काका" म्हणायची, डब्यात सोडे घातलेलं वांगं असलं की मला अर्धं द्यायची. मी तिला दोनतीनदा हळूच विचारलं, "ए, ते कपाटाचं कोडं कसं सोडवलंस गं? सांग ना." ती मान हलवायची. "नको गं. काका नको म्हणालेत ना." मी तिला मनातल्या मनात बावळट म्हणायची.

तिचे दोन महिने झकास गेले. मग ती पाच दारांपाशी अडकली.

दीपगृहाच्या खाली एक गोल खोली आहे. तिला पाच दारं. प्रत्येक दारावर एक तेलाचा दिवा जळत असतो. दारं एका ठरावीक क्रमानं उघडायची. एक जरी चुकलं तरी पाचही बंद होतात आणि तुम्ही पुन्हा थेट धक्क्यावर. तिथून चालत परत यायला बारा मिनिटं. प्राची त्या खोलीत चार आठवडे होती. तिच्या खुर्चीमागून जाताना मला कायम तीच पाच दारं दिसायची. काका दिवसातून दोनदा तिच्यामागे उभे राहायचे आणि म्हणायचे, "समोर आहे. नीट बघ." तिची मुदत संपली त्या दिवशी रजिस्टरच्या त्या ओळीतला कारणाचा रकाना कोरा होता. काकांनी बॉसला सांगितलं, "मुलगी चांगली आहे, पण नजर नाही."

ती कुणाशी भांडली नाही. डबा पिशवीत टाकला, मला म्हणाली, "तू कर गं पूर्ण," आणि गेली. मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, जागा अजून मोकळी आहे हेही त्याच मिनिटाला मनात आलं. बाबांची नोकरी सुटून सहा महिने झाले होते. आमच्या घरात तेव्हा पगार आणणारी मीच होते. ती नोकरी मला हवीच होती.

दोन आठवड्यांनी मीही त्याच खोलीत पोचले.

मी दिव्यांचे रंग पाहिले, दारांच्या कड्या मोजल्या, जमिनीवरच्या फरशा मोजल्या. काहीच हाती लागेना. मग मी हिशेब केला. पाच दारांचे क्रम एकशेवीस. दर वेळी बारा मिनिटं चालायचं. म्हणजे चोवीस तासांचं काम, चार दिवसांत उरकेल. मी वहीत क्रम लिहून एकेक खोडायला लागले. तेविसाव्याला काकांनी पकडलं.

"ही चोरी आहे," ते म्हणाले. "असं दार उघडेल, डोकं नाही उघडणार."

"मग एखादी खूण तरी सांगा ना काका. नुसतं कुठल्या बाजूला बघू एवढं सांगा."

"समोर आहे."

"समोर भिंत आहे!"

"मग भिंत बघ," काका म्हणाले आणि भिंग पुसत निघून गेले. मला त्या क्षणी त्यांचं ते भिंग गटारात फेकावंसं वाटलं.

मुदत संपायला दहा दिवस उरले तेव्हा, शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर, मी घरी नेटवर शोधलं. लाज वगैरे काही वाटली नाही. ज्या माणसाला सरळ सांगता येत नाही त्याच्याशी सरळ का वागायचं? जुने खेळ आवडणाऱ्या लोकांची एक साइट सापडली. तिथे कुणीतरी कधीकाळी सगळं बेट उलगडून ठेवलं होतं. पाच दारांखाली इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा: बेटावरची माणसं ज्या दारानं जास्त जायची, त्यावरचा दिवा जास्त जळायचा, आणि जास्त जळला तिथे वर भिंतीवर जास्त काजळी धरली. सगळ्यात काळ्यापासून सुरुवात करा.

वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. इतकं सोपं! सोमवारी ऑफिसात जाऊन आधी ती खोली उघडली आणि वर पाहिलं. पाच दिव्यांवर भिंत कशी होती, तर दिवाळीला रंग काढलेल्या हॉलसारखी. पांढरीस्वच्छ. कुठे डाग नाही.

पहिल्यांदा वाटलं, माझा स्क्रीन खराब आहे. उजेड कमीजास्त करून पाहिला. मग उठून काकांच्या टेबलाशी गेले.

"काका, काजळी कुठाय?"

त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "शाबास! दिसली ना?"

"दिसली नाही. नाहीच आहे."

"नीट बघ."

"तुम्ही बघा."

ते आले. माझ्या खुर्चीत बसले, माउस हातात घेतला आणि वर न बघताच टक, टक, टक, टक, टक, पाच दारं उघडली. दहा सेकंदसुद्धा लागली नसतील. भिंत सरकली, पुढचं भुयार दिसलं. "हे काय," ते म्हणाले, "उघडतंय की."

"उघडतंय हो. पण कशावरून?"

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. भिंग लावून पाहिलं. स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत भिंग फिरलं, दोनदा. मग ते त्यांच्या जागेवर गेले आणि टॉवेलखाली झाकलेला आपला जुना कॉम्प्युटर काढला. त्यावर मूळचा खेळ होता. तो सुरू व्हायला पाच मिनिटं लागली आणि तोवर अर्धं ऑफिस मागे येऊन उभं राहिलं. जुनाट, धूसर चित्र. पण प्रत्येक दिव्यावर भिंतीला काळा डाग. एक परातीएवढा, एक वाटीएवढा, एक जेमतेम नखाएवढा. आंधळ्यालाही दिसावेत असे.

चित्रं नव्यानं करणारा आमचा माणूस गर्दीतून पुढे आला. "ते काळं होय? ती घाण होती ना यार! सॉफ्टवेअरनं निघत नव्हती. मी हातानं घासून काढली. चार दिवस गेले माझे त्यात."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. दीड महिना "समोर आहे, समोर आहे" म्हणून आमचा जीव खाल्ला, आणि समोर काही नव्हतंच! या माणसानं वर्षभरात ती दारं दोनशे वेळा तरी उघडली असतील. पण त्याला उत्तर पाठ होतं. हात आपोआप चालायचे. ज्याला उत्तर येतं तो प्रश्न वाचतो कशाला? खेळातला प्रश्नच कुणीतरी पुसून टाकला आणि टेस्टिंगच्या प्रमुखाला पत्ता नाही.

बॉसला घाम फुटला. "असाच बाहेर गेला असता तर वाट लागली असती आपली. तुला कसं काय दिसलं गं?"

"दिसलं," मी म्हटलं.

"शाबास! यार, अशी माणसं पाहिजेत," बॉस म्हणाला. संध्याकाळी कायम झाल्याचं पत्र माझ्या हातात होतं. रजिस्टरच्या तिसऱ्या रकान्यात मी त्या साइटवरचं वाक्य मराठीत लिहिलं. खाली काकांनी सही केली.

त्यानंतर तीनचार दिवस काका वेगळेच वागत होते. कुणीतरी त्यांना विचारलं, "काका, स्टेपलर कुठाय?" ते म्हणाले, "दुसऱ्या खणात." विचारणारा घाबरून माझ्याकडे आला, "त्यांना बरं नाही का?" चहाचं मशीन बिघडलं तेव्हा त्यांनी स्वतः पुस्तिका काढून वाचली. मला त्याचीही मजाच वाटत होती. एका फटक्यात माणूस सरळ झाला, असं मी आईला सांगितलं.

शुक्रवारी ते माझ्या टेबलाशी आले. "रविवारी मोकळी आहेस? खारदांड्याला जायचंय. प्राचीकडे."

"कशाला?"

"मी तिला नजर नाही म्हणालो. तिला सांगायला हवं." मग म्हणाले, "तू सोबत असलीस तर बरं. तुझी मैत्रीण आहे ना?"

मला नाही म्हणता आलं असतं. का गेले ते आजही धड सांगता येत नाही. बहुतेक, हा माणूस एका मुलीपुढे मान खाली घालताना मला बघायचा होता.

तिथेही त्यांनी आपलं केलंच. पत्ता खिशात असून कुणाला विचारायला तयार नाहीत. अर्धा तास आम्ही गल्ल्यांतून गोल गोल फिरलो. काका घरांचे नंबर बघत काहीतरी क्रम लावत होते आणि नंबर त्यांचं ऐकत नव्हते. शेवटी मी ओट्यावर बसून मासळी साफ करणाऱ्या एका बाईंना विचारलं.

"प्राची? ती काय, पुढच्या गल्लीन. निल्या दाराच्या घरान."

दोन मिनिटांत पोचलो.

प्राची घरातच होती. हल्ली ती एका झेरॉक्सच्या दुकानात बसते, असं तिनं सांगितलं. आम्हाला बघून ती दचकली, मग हसली, खुर्च्या दिल्या. तिची आई आत चहा टाकायला गेली. काका बसले नाहीत. उभ्यानंच बोलले. "पाच दारांवरची खूण आमच्याच माणसानं पुसली होती. तिथे शोधण्यासारखं काही नव्हतंच. मी तुला चार आठवडे कोरी भिंत बघायला लावली. चूक माझी होती, तुझी नव्हती."

एवढं सरळ बोललेलं मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

प्राचीनं कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. एकवीरेच्या फोटोपुढे एक समई होती आणि तिच्यावर भिंत काळी झाली होती, थेट छतापर्यंत. "हे बघा काका. रोज संध्याकाळी एकच दिवा लावतो आम्ही. आई दर दिवाळीला घासते, तरी एवढं काळं होतं. तिकडे पाच दिवे रात्रंदिवस जळतायत आणि भिंत कोरी. असं कसं, म्हणून मी तुम्हाला विचारलं होतं. पहिल्याच आठवड्यात."

काकांचा हात खिशातल्या भिंगाकडे गेला.

"तुम्ही म्हणालात, भिंत कशी असायला हवी ते सांगू नकोस, आहे ती बघ."

मला हे ठाऊक नव्हतं. ती कुणाशी बोललीच नव्हती ना, काकांनी नको सांगितलं होतं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हो," ते म्हणाले. "म्हणाली होतीस. मला आठवतंय." मग म्हणाले, "मी बॉसशी बोलतो. तू परत ये."

"जागा आहे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि प्राचीला कळलं.

तिनं तोंड वाकडं केलं नाही. उलट खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. "म्हणजे तुला कळलं ते? मला नुसतं एवढंच दिसलं गं, की इथे काहीतरी असायला पाहिजे आणि नाहीये. त्याच्यापुढे डोकं चालेना. दारांचा क्रम त्या काजळीवरून लावायचा, हे तुला कसं सुचलं?"

"सांग तिला," काका म्हणाले. "नीट सांग. तिला ऐकू दे."

दोघं माझ्याकडे बघत होते. मी काय बोलायला हवं होतं ते मला त्या क्षणी चांगलं ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. बाबा घरी बसलेले डोळ्यांसमोर आले, आणि खरं सांगायचं तर बाबा आले नसते तरी मी तेच केलं असतं. मी म्हटलं, "बेटावरची माणसं ज्या दारानं जास्त जात असतील, त्यावरचा दिवा जास्त जळत असणार. जास्त जळला तिथे काजळी जास्त. मग सगळ्यात काळ्यापासून सुरुवात करायची." कुणा अनोळखी माणसाचं वाक्य मी जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तेही कुठे न अडखळता.

काकांनी मान डोलावली. प्राचीची आई चहा घेऊन आली. प्राचीनं पहिला कप उचलून माझ्या हातात दिला.

"हुशार आहेस गं तू," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.